साडूच्या गाडीचे दिवे

किर्गिझस्तानातल्या अत-बाशी गावच्या बाजारामागे, जिथून नारिन शहराच्या टॅक्सी सुटतात, तिथे जुमाशला ओळखत नाही असा माणूस नव्हता. उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि तोंडात सूर्यफुलाच्या बिया. त्याची गाडी जुनी, जर्मन बनावटीची. तिचा एकही भाग असा नव्हता की जो त्याने स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बसवला नव्हता. हीटर मात्र मनाचा राजा होता. चालला तर चालला, नाहीतर प्रवाशांनी आपापले हात काखेत घालून बसायचं. तरी म्हातारी माणसं त्याच्याच गाडीत बसत, कारण किझिल-बेलच्या खिंडीत कुठे वारा रस्त्यावर बर्फ आणून टाकतो आणि कुठल्या वळणावर सावलीमुळे दुपारपर्यंत बर्फाची काच धरलेली असते, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं.

माणूस वाईट नव्हता. कुणाचं टायर पंक्चर झालं तर थांबायचा, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली गाडी त्याची असायची. पण त्याच्या छातीत एक निखारा होता आणि त्या निखाऱ्याचं नाव मेलिस.

मेलिस त्याचा साडू. जुमाशच्या बायकोचं नाव नुरीला, तिची धाकटी बहीण बुरुल, तिचा हा नवरा. लग्न झालं तेव्हा मेलिसकडे अंगावरच्या कोटाशिवाय काही नव्हतं. त्याला गाडी शिकवली जुमाशने, खिंड दाखवली जुमाशने, पहिल्यांदा घसरून गाडी बर्फाच्या ढिगात गेली तेव्हा शिव्या देत खेचून काढली तीही जुमाशने. मग मेलिस रशियाला गेला, तिकडे इमारतींवर राबला आणि परत आला तो उजवीकडे स्टिअरिंग असलेली चंदेरी जपानी गाडी घेऊन. तिच्या सीटसुद्धा आतून तापायच्या. थांब्यावर त्याने ती जुमाशच्या गाडीशेजारीच उभी केली आणि खाली उतरून दोन्ही हातांनी जुमाशचा हात धरला. थोरल्या भावाला हाक मारावी तसा म्हणाला, "आके, तुमच्या शेजारी उभं राहायला मिळालं, आता काही नको."

मेलिस उर्मट असता तर जुमाशचं बरं चाललं असतं. उर्मट माणसाला नावं ठेवता येतात. पण हा गडी थंडीत प्रवाशांची पोती स्वतः उचलायचा, आपली गाडी भरली की पुढच्या माणसाला हाताने धरून जुमाशच्या गाडीपाशी आणायचा आणि सांगायचा, यांच्याबरोबर जा, मला यांनीच शिकवलंय. त्या वेळी जुमाश हसायचा आणि बी दाताखाली चिरडायचा. साडूने हाताला धरून आणलेला प्रवासी त्याला उष्टं जेवण वाढल्यासारखा वाटे.

ही जळजळ कधी सुरू झाली ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण पक्की झाली ती सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात. मेंढी कापली होती, सगळे नातेवाईक गोल बसले होते आणि सासूबाईंचे भाऊ मानाप्रमाणे हाडं वाटत होते. वयाने आणि नात्याने कमरेचं हाड थोरल्या जावयाच्या ताटात यायला हवं होतं. मामांनी ते उचललं, क्षणभर हातात धरलं आणि मेलिसपुढे ठेवलं. मेलिस दूरदेशातून आलाय, घरच्या मटणाला आसुसलेला असेल, असं काहीतरी बोलले. मेलिसने ते लगेच जुमाशच्या ताटात सरकवलं. सगळे "वा, वा" म्हणाले. त्याचंही कौतुक मेलिसलाच मिळालं. जुमाशने ते हाड खाल्लं नाही, रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि कुत्र्याला घातलं. नुरीला बघत होती.

सासूबाई एकट्या राहत. त्यांचं नाव कालीचा, पण सगळे त्यांना मानाने आपा म्हणत. दोन्ही मुली एकाच गावात दिल्या म्हणून त्यांना कशाची उणीव नव्हती. पण आपांच्या घरचा कोळसा कोण आणतो, त्यांची गाय कोण डॉक्टरकडे नेतो, यावर जुमाशचं बारीक लक्ष असे. आपांनी चहा ओतताना "मेलिसने परवा छप्पर झाडून दिलं" एवढं म्हटलं की जुमाशच्या हातातला बोर्सोक, तळलेल्या पिठाचा तो तुकडा, तिथेच राही.

त्या हिवाळ्यात आपांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नारिनच्या इस्पितळात झाली. घरी सोडण्याचा दिवस कळला तसा जुमाशने आधीच ठरवून टाकलं की आपांना आणणार तो. त्याने गाडीच्या मागच्या सीटवर गादी घातली, नुरीलाकडून उशी मागून घेतली, हीटर रात्रीच उघडून साफ केला. सकाळी प्रवासी घेऊन नारिनला गेला, त्यांना उतरवलं आणि परतीचे प्रवासी न घेता इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. कुणाला काही कळवलं नव्हतं. आपा बाहेर येतील, समोर आपली गाडी बघतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

आपा बाहेर आल्या. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी होती, कारण डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यालाही विश्रांती सांगितली होती. त्यांचा हात मेलिसच्या दंडावर होता. मेलिस त्यांना एकेक पायरी सांगत होता आणि त्या हसत होत्या. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला ती चंदेरी गाडी घरघरत उभी होती. आतून उबदार होत असणार.

मेलिसने जुमाशला पाहिलं आणि लांबूनच हात हलवला. "आके! बुरुलने सकाळी फोन केला म्हणून आलो. तुम्ही येणार होतात हे माहीत असतं तर..."

"मी कशाला येतोय," जुमाश म्हणाला, "माझं इकडे काम होतं."

आपांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "जुमाश आहे का रे? तू पण हळू जा हो बाबा, धुकं आहे म्हणतात."

तू पण. एवढे दोन शब्द घेऊन जुमाश निघाला. रिकामी गाडी, मागे गादी आणि उशी.

दुपार कलली होती. खिंडीच्या माथ्यावर धुकं खाली बसलं होतं आणि भुरभुर बर्फ पडत होतं. जुमाश नेहमीपेक्षा वेगात होता, पण भलता वेगात नव्हता. त्याला तो रस्ता ठाऊक होता. आरशात अधूनमधून, खूप वरच्या वळणावर, दोन निळसर पांढरे दिवे दिसायचे आणि पुन्हा दिसेनासे व्हायचे. तसले दिवे त्या भागात एकाच गाडीला होते. दर वेळी ते दिसले की जुमाशचा पाय थोडा अजून खाली जाई.

उतारावरच्या शेवटच्या मोठ्या वळणाशी, डावीकडच्या चढावरून एक घोडा रस्त्यावर आला. चालत नव्हे, घसरत. स्वार लगाम ओढत होता आणि घोड्याच्या मागच्या पायांखाली जमीन राहिली नव्हती. जुमाशने चाक वळवलं. गाडीचा पुढचा कोपरा घोड्याच्या मांडीला लागला, काच फुटल्याचा आवाज आला, घोडा उसळला आणि स्वार पलीकडच्या चरात जाऊन पडला.

जुमाश थांबला, खाली उतरला, धावला. हे त्याने केलं, ते सांगायला हवं. चरात एक म्हातारा पडला होता. दाढी पांढरी, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, कपाळातून रक्त. तो कण्हत होता. त्याने डोळे उघडले आणि जुमाशच्या तोंडाकडे बघितलं. जुमाश त्याच्या काखेत हात घालायला वाकला आणि तेवढ्यात धुक्यातून, वरच्या वळणावर, ते दोन दिवे पुन्हा दिसले.

पुढे पोलिसांनी, न्यायाधीशांनी आणि बायकोने त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की त्या क्षणी मनात काय होतं. भीती होती का? तुरुंग आठवला का? खरं असं की तुरुंगाचा विचारही त्याच्या मनात आला नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की आता मेलिसची गाडी येणार. मेलिस उडी मारून उतरणार, "आके, तुम्ही बाजूला व्हा, मी बघतो" म्हणणार, म्हाताऱ्याला उचलणार. आणि पट्टी बांधलेल्या आपा आतून विचारणार, काय झालं रे, कुणी केलं? आणि मेलिस, त्याच्या त्या मऊ आवाजात, उत्तर देणार. हे जुमाशला सोसवणार नव्हतं. म्हातारा काही एकटा राहत नव्हता, मागून माणूस येतच होता. दोन मिनिटांत त्याला उचलतील. असं स्वतःला सांगत त्याने हात काढून घेतला, गाडीत बसला आणि निघून गेला.

घरी येऊन त्याने गाडी गोठ्यात घातली. पुढच्या कोपऱ्यावरचा वळणाचा नारिंगी दिवा फुटला होता, पत्रा आत गेला होता. जुन्या गाड्यांच्या सांगाड्यातून काढून ठेवलेला तसाच दिवा त्याच्याकडे होता. अंधार पडण्याआधी त्याने तो बसवला आणि पत्रा ठोकून सरळ केला. नुरीला गाईला चारा घालायला आली, दिव्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि बादली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर बातमी होती. ओस्मोनच्या वाडीचा बेइशे आबा, हरवलेल्या घोडीच्या मागे निघालेला, गाडीखाली आला. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, बोलतो ते कुणाला कळत नाही. इस्पितळात आणला तो मेलिसने. आणि बातमी सांगणाऱ्याने आवाज खाली आणून पुढे जोडलं की पोलिसांनी मेलिसची गाडी ठाण्याच्या आवारात लावून घेतली आहे. जो आणतो तोच बहुतेक धडक देणारा असतो, असा त्यांचा अनुभव. शिवाय मेलिसच्या गाडीचा पुढचा पत्रा आधीच एका मेंढ्याच्या धडकेने चेपलेला होता. साक्षीदार एकच, सासूबाई, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

जुमाशने ते ऐकलं आणि त्याला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल कुठे तळाशी. पण वरवर जे आलं ते वेगळंच होतं. बऱ्याच दिवसांनी ओझं उतरल्यासारखी छाती हलकी झाली. शेजारची जागा रिकामी होती. मेलिसच्या नेहमीच्या प्रवासी, त्या तापलेल्या सीटवर बसणाऱ्या मास्तरीणबाई, आज मुकाट्याने त्याच्या गाडीत चढल्या. वाटेत त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "मेलिस इतका शहाणा मुलगा, पण गाडी फार भारी घेतली की असंच होतं." जुमाश म्हणाला, तरुण माणसं आहेत, घाई करतात. बोलून झाल्यावर त्याला आपल्याच जिभेची चव कडू लागली. तरी संध्याकाळी घरी परतताना तो शीळ घालत होता.

असे काही दिवस गेले. बुरुल बहिणीकडे येऊन रडून गेली. मेलिसला रोज ठाण्यात बोलावत होते. त्याचा परवाना तपास संपेपर्यंत काढून घेतला होता आणि बेइशे आबांचे पुतणे त्याच्या दारावर येऊन ओरडून गेले होते. मेलिस एकच सांगत होता, आबा आधीच चरात पडलेले होते, मी फक्त उचललं.

मग एका दुपारी कालीचा आपा जुमाशच्या घरी आल्या. एका डोळ्याची पट्टी निघाली होती. नुरीलाने चहा मांडला. आपांनी वाटी हातात घेतली, प्यायल्या नाहीत.

त्या जुमाशला म्हणाल्या की तू ठाण्यात जा, थोरला साडू म्हणून मेलिससाठी शब्द टाक. जुमाश म्हणाला, मी काय सांगणार, मी तिथे होतो का. मग आपा त्या दिवसाचं सांगू लागल्या, जसं म्हातारी माणसं सांगतात, कशातूनही सुरुवात करून. माथ्यावर आल्यावर त्यांना मळमळलं. पट्टीमुळे चक्कर येत होती. मेलिसने गाडी कडेला लावली, थर्मासमधला चहा पाजला, पाठ चोळली. बराच वेळ ते दोघे तिथेच थांबले होते. आपांना तर डुलकीसुद्धा लागली होती.

जुमाशने मनात धरलेली ती दोन मिनिटं होती कुठे? दिवे वळणावर होते, पण ते चालत नव्हते, उभे होते. तेवढा वेळ तो म्हातारा बर्फात पडून होता. इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते की अजून थोडा उशीर झाला असता तर थंडीनेच गेला असता. हे वाक्य जुमाशने थांब्यावर ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं.

"थांबायच्या आधी मी मेलिसला विचारलं होतं," आपा म्हणाल्या, "पुढे कुणाची गाडी आहे का रे, नाहीतर धुक्यात आपण एकटेच. तो म्हणाला, आहे ना आपा, जुमाश आके पुढे आहेत, काळजी नको." त्यांनी वाटी खाली ठेवली. "आणि पोलिसांना मात्र त्याने सांगितलं की पुढे कुणीच नव्हतं. मला डोळ्यांनी दिसत नव्हतं, कानांनी ऐकू येत होतं. खोटं का बोलला असेल तो, जुमाश?"

नुरीला चहाच्या किटलीकडे बघत होती. आपा उठल्या, शाल गुंडाळली आणि आपल्या आपण निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, जुमाश मेलिसच्या घरी गेला. मेलिस अंगणात गवताच्या पेंढ्या रचत होता. गाडी नव्हती म्हणून अंगण मोठं दिसत होतं.

"तुला माहीत होतं," जुमाश म्हणाला.

मेलिसने हातातली पेंढी ठेवली. "मी काही बघितलं नव्हतं आके. वळणावरून तुमचा मागचा एकच दिवा दिसला होता, एवढंच. एक लागत नाही ना तुमचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? नुरीला ताईचं घर आहे ते." मेलिस खाली बघत होता. "आणि मला वाटलं, तुम्ही स्वतः जाल. आज जाल, उद्या जाल."

"म्हणजे तू माझी वाट बघत बसला होतास? ठाण्यात शिव्या खात?"

"तुम्ही मला बर्फातून ओढून काढलं होतं तेव्हा मीही शिव्याच खाल्ल्या होत्या," मेलिस म्हणाला आणि हसण्याचा प्रयत्न केला.

तो हसला नसता तर बरं झालं असतं. जुमाशच्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस त्याला वाटत होतं की निदान या एका बाबतीत मेलिस खाली आहे आणि आपण वर. आणि हा इथे गवत रचत बसला होता, थोरल्याला पाठीशी घालून, मोठेपणा खिशात ठेवून. तो मोठेपणा एक दिवस बाहेर येणारच होता, सासूबाईंच्या तोंडून, सगळ्या गावात. जुमाशच्या उरलेल्या आयुष्यावर मेलिसची मेहेरबानी पसरलेली राहणार होती.

"तुझे उपकार मला नकोत," तो म्हणाला. "लक्षात ठेव. नकोत म्हणजे नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात गेला. गावात नंतर म्हणाले की जुमाशचा विवेक जागा झाला. त्याची बायकोही तसंच सांगत असे. जुमाशने ते कधी खोडलं नाही, पण त्याला ठाऊक होतं की त्याला ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्या गोष्टीत बर्फात पडलेला म्हातारा अर्धाच होता. उरलेला अर्धा मेलिस होता.

तपास अधिकारी जिपार नावाच्या बाई होत्या, मध्यम वयाच्या, बोलायला सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मेजाच्या खणातून नारिंगी काचेचे तुकडे काढून त्याच्यापुढे ठेवले. घोड्याच्या मांडीतून निघाले होते.

"मेलिसच्या दिव्याची काच पांढरी आहे," त्या म्हणाल्या. "त्याने धडक दिली नाही हे मला केव्हाच वाटत होतं. पण तो काहीतरी लपवतोय हेही दिसत होतं, म्हणून त्याला सोडत नव्हते. खोटा जबाब दिला म्हणून आता त्यालाही समज द्यावी लागेल."

जुमाशने घाईघाईने सांगितलं की घोडा आडवा आला, घसरत आला, कुणीही असता तरी लागलाच असता.

"बहुधा खरं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांबला असता, आम्हाला फोन केला असता, आम्ही मोजमाप घेतलं असतं, तुमच्या तोंडाचा वास घेतला असता आणि बहुतेक तुम्हाला घरी पाठवलं असतं. आता रस्त्यावरच्या खुणा बर्फाने नेल्या. तुम्ही प्यायला नव्हतात हे कशावरून? गाडी दुरुस्त केलीत ती का? आता धडकेचं राहू द्या. जखमी माणसाला टाकून निघून गेलात, हा वेगळाच गुन्हा आहे, आणि तो घोड्याने केलेला नाही."

"मागून गाडी येत होती. मला माहीत होतं तो उचलेल."

"मग उचलणारा तो झाला, आणि सोडून जाणारे तुम्ही," जिपारबाई म्हणाल्या. "मागून दुसरा येतोय, अशी सूट कायद्यात लिहिलेली नाही."

त्याचा परवाना तिथेच काढून घेतला, गाडी आवारात लावली. ज्या जागेवरून ती चंदेरी गाडी दुपारी बाहेर गेली, त्याच जागेवर.

खटल्याआधी, रीतीप्रमाणे, गावातले चार ज्येष्ठ जुमाशला घेऊन बेइशे आबांकडे गेले. बरोबर मेंढी होती, नुरीलाने केलेली भाकर होती. आबा अंथरुणावर होते, पाय प्लास्टरमध्ये. आता बोलणं स्पष्ट झालं होतं, आठवणही परत आली होती. ज्येष्ठांनी बोलणं सुरू केलं, दैवाची गोष्ट, घोड्याची गोष्ट. आबांनी सगळं ऐकून घेतलं, पुतण्यांना गप्प केलं आणि माफी दिली, हात वर करून दुवाही म्हटली. मग जुमाशकडे वळले.

"पाय घोड्याने मोडला," ते म्हणाले, "त्याचं काही नाही. घोडा माझा, उतारही मीच निवडलेला. पण तू वाकला होतास ना माझ्यावर? मला वाटलं, आला बाबा कुणीतरी. आणि मग तू वर कुठेतरी बघितलंस आणि गेलास. कुणाला बघितलंस रे?"

बरोबरचे ज्येष्ठ खोकले. शेवटी जुमाश म्हणाला, "माझ्या साडूला."

आबांना यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि मेंढी बांधायला सांगितलं.

न्यायालयात आबांची माफी वाचून दाखवली गेली, आणि दुखापतीचा भाग तिथेच मिटला. मेलिसलाही बोलावलं होतं. त्याने सगळं खरं सांगितलं आणि मग न विचारता जोडलं की जुमाश आकेंसारखा चालक या खिंडीत दुसरा नाही. जुमाश समोरच्या बाकावर हाताची मूठ वळून बसला होता. सोडून जाण्याचा भाग न्यायाधीशबाईंनी मात्र मिटवला नाही. माफी देणं आबांच्या हातात आहे, त्या म्हणाल्या, पण रस्ता सगळ्यांचा आहे आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाला सगळ्यांकडून काही हक्काचं येणं आहे. स्वतः हजर झाला, मुलंबाळं आहेत, आधीचा गुन्हा नाही, म्हणून तुरुंग टळला. पण कित्येक वर्षांसाठी परवाना गेला, दर महिन्याला नारिनला जाऊन हजेरी लावायची आली आणि गावाच्या रस्त्यावर सार्वजनिक काम आलं.

वसंतात लोकांनी जुमाशला अंगावर नारिंगी जाकीट घालून रस्त्याकडेच्या चिनारांची खोडं चुन्याने रंगवताना बघितलं. टॅक्सी जात. जुने सोबती हॉर्न देत, काही मुद्दाम जास्त वेळ. मेलिस गाडी जवळ आली की वेग कमी करायचा आणि हॉर्न अजिबात द्यायचा नाही. तेच जुमाशला सगळ्यात जास्त लागायचं. तो पाठ वळवून ब्रश चुन्यात बुडवत राही.

हजेरीसाठी नारिनला जायचं तर बसच्या वेळा जुळत नसत. नुरीलाने एकदा मेलिसचं नाव काढलं. जुमाशने ताट बाजूला सारलं. पुढच्या महिन्यात ती न विचारता मेलिसला सांगून आली आणि जुमाश जाकीट घालून अंगणात आला तर ती गाडी दाराशी. खिंडीतून जाताना दोघेही बोलले नाहीत. त्या वळणाशी आल्यावर मेलिसने गाडी थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. जुमाश खिडकीबाहेर बघत होता. चरात आता पाणी वाहत होतं.

बेइशे आबांकडे मात्र तो जायला लागला. आधी एकदा, चारा टाकायला. मग आठवड्याने पुन्हा. आबांचा पाय नीट जुळला नाही, काठीशिवाय चालता येईना, घोड्यावर चढणं तर संपलंच. पुतण्यांना आपापली कामं. त्यामुळे घोड्या बाहेर काढणं, पाण्यावर नेणं, जखमी घोड्याच्या मांडीला मलम लावणं, हे हळूहळू जुमाशच्या हातात आलं. उन्हाळ्यात तो आबांचा कळप घेऊन कुरणावर गेला आणि घोड्यांचं दूध काढायला नुरीलाही तिथे राहिली. आबा तंबूच्या दाराशी बसून त्याला चुका दाखवत. चालवायला गाडी नव्हती, पण त्याला त्या काळात कुणाच्या शेजारी उभं राहावं लागलं नाही. तो जाडही झाला थोडा.

आबांच्या तोंडून चांगला शब्द निघायला फार वेळ लागे. एकदा ते म्हणाले, "तुझ्या हाताला घोडी उभी राहते." जुमाशने ते वाक्य कित्येक दिवस मनात वागवलं.

उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत, कुरणावरचं गवत पिवळं पडायला लागलं असताना, दुपारी एक चंदेरी गाडी कच्च्या वाटेने वर आली. मेलिस उतरला. पिठाचं पोतं आणि आबांसाठी औषध आणलं होतं. जुमाश दाराशी उभा होता. तो म्हणाला, "झोपलेत आबा."

"कोण झोपलंय?" आतून आबा ओरडले. "कोण आलंय?"

जुमाशला बाजूला व्हावं लागलं. मेलिस आत गेला, जोडे काढून बसला, आबांच्या पायाची चौकशी केली आणि मग त्या दिवशी आबांना गाडीत घालताना काय गोंधळ झाला होता ते सांगू लागला. आपांना काही दिसत नव्हतं आणि त्या आबांनाच "मुली, घाबरू नको" म्हणून धीर देत होत्या. आबा इतके हसले की त्यांना काठी बाजूला ठेवावी लागली. डोळे पुसत ते म्हणाले, "हा गडी मजेशीर आहे. मला मुलगी केली म्हातारीने!"

जुमाश चहा ओतत होता. सगळा उन्हाळा तो या म्हाताऱ्याबरोबर होता, आणि म्हातारा त्याच्यासमोर कधी असा हसला नव्हता. त्याने वाटी मेलिसपुढे ठेवली, नीट, उजव्या हाताने, जशी पाहुण्याला द्यायची तशी.

"घे," तो म्हणाला. "साखर हवी असेल तर तिकडे आहे."

मग घोड्यांना पाणी दाखवायची वेळ झाली नव्हती तरी तो बादली उचलून बाहेर गेला.